जानराव निरीक्षकांची तबकडी

जानराव इंगळे दूध स्वतःच्या मापाने घेतात. दूधवाला त्याच्या मापाने लिटरभर ओततो, मग तेच दूध जानरावांच्या मापात पुन्हा ओतलं जातं. अकरा वर्षं हाच दूधवाला आहे. अकरा वर्षांत दूध एकदाही कमी भरलेलं नाही.

"तेच तर," जानराव म्हणतात. "रोज इतकं बरोबर कसं भरते?"

अमरावतीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. खोली देण्याआधी त्यांनी माझं आधार कार्ड पाहिलं. कॉलेजचं पत्र पाहिलं. मग स्वतः कॉलेजात जाऊन पत्रावरची प्राचार्यांची सही सूचनाफलकावरच्या सहीशी ताडून आले. परत आल्यावर विचारलं, "मराठीत एम.ए. म्हणता. कविता करता का?"

"नाही."

"एकबी नाही?"

"नाही काका."

 कागदपत्रं त्यांना पटली होती. हे पटलं नव्हतं.

जानराव एकोणसत्तर वर्षांचे आहेत. तेहतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आठवडी बाजार, कापसाचे काटे, सोनारांच्या पेढ्या, पेट्रोल पंप. काटा बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर जप्ती. पितळी वजनांची त्यांची स्वतःची पेटी अजून कपाटात आहे. शंभर ग्रॅमपासून दहा मिलिग्रॅमपर्यंत. दहा मिलिग्रॅमचं वजन म्हणजे पत्र्याचा एवढासा कपटा. तो चिमट्याने उचलायचा, बोट लावायचं नाही. घामाने वजन वाढतं.

एरवी ते कुणाशी भांडत नाहीत. कुणाला तोंडावर खोटं म्हणत नाहीत. फक्त तपासतात.

या जानेवारीत एका सकाळी ते जिना चढून वर आले. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत असा त्यांचा संशय आहे.

"मॅडम, तुमच्या मोबाइलात रेकॉर्ड वाजवाची मशीन भेटते का?"

"कसली रेकॉर्ड?"

"गाण्याची. काळी तबकडी."

मी थक्क झाले. या घरात रेडिओ नाही. टीव्हीवर गाणं लागलं की जानराव उठून अंगणात जातात. त्यांच्या पत्नी, ललिताकाकू, पोळ्या लाटताना गुणगुणतात, पण तेही नवरा बाहेर गेल्यावर.

"कोणती रेकॉर्ड आहे काका?"

"ते तुमाले काहून पाह्यजे?"

ते खाली गेले. दुपारी काकूंनी मला चहाला बोलावलं आणि दार लोटून सगळं सांगितलं.

जानरावांचं गाव मूर्तिजापूरच्या पुढे. त्यांना एक धाकटी बहीण, शकुन. ती विहिरीवर पाणी ओढताना गायची. गावात तेव्हा गायन पार्टी होती. नत्थुजी तेलगोटे आणि पार्टी. एक्क्याऐंशी साली मुंबईच्या एका लहानशा कंपनीने पार्टीला रेकॉर्ड करायला बोलावलं. एका गाण्यात एक कडवं बाईचं होतं. मामा पार्टीत ढोलकी वाजवायचे, म्हणून घरच्यांनी शकुनला पाठवलं. बावीस वर्षांची होती. तिथे तिच्याकडून ते कडवं म्हणवून घेतलं. मग कंपनीच्या एका बाईकडूनही म्हणवून घेतलं. जे चांगलं वाटेल ते ठेवू, असं सांगून सगळ्यांना गाडीत बसवून दिलं.

दोन महिन्यांनी रेकॉर्ड आली. वर कागदावर एवढंच छापलेलं, नत्थुजी तेलगोटे आणि पार्टी. चौदा एप्रिलला विहारासमोर मंडळाच्या मशीनवर लावली. कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू गेली. बाईचं कडवं आलं. आवाज बारीक, चिरका, दहा वर्षांच्या पोरीसारखा. शकुन समोर बसली होती. लोक तिच्याकडे पाहायचं सोडून जानरावांकडे पाहू लागले. त्यांना नोकरी लागून वर्ष झालं होतं. खरं-खोटं ठरवायचा सरकारी शिक्का गावात त्यांच्याच हाती होता.

"मी नवीन नवरी, तिथीच बसली होती," काकू म्हणाल्या. "हे उठून उभे राह्यले अन् म्हणले, हा आवाज आमच्या शकुनचा नाही."

"मग?"

"मंग काय. लोक हासले. कोणी म्हणलं, बंबई पाहाले गेल्ती वाटते. ते उठून घरी गेली. त्या दिवसापासून तिनं तोंडातून सूर काढला नाही. पुढच्या वर्षी अकोल्याले देली."

"आणि काका?"

"यायचं काय. यायनं तपासलं होतं."

चव्वेचाळीस वर्षं हे असंच होतं. भाऊ-बहीण लग्नाकार्यात भेटत, ताटाला ताट लावून जेवत. गेल्या डिसेंबरात अकोल्याला एका लग्नात शकुनबाईंच्या नातीने हट्ट धरला, आजी, गाणं म्हण. शकुनबाई हसत म्हणाल्या, "मले गाता येते का नाही, ते तुया मामाआजोबाले विचार. त्याहीनं तपासलं आहे."

जानराव त्या लग्नात जेवले नाहीत. येताना गावात उतरले, मंडळाच्या पेटीतून ती रेकॉर्ड मागून आणली. मशीन केव्हाच भंगारात गेली होती. पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या एका निकालाचा संशय आला होता.

मी मोबाइलवर त्यांना मशिनी दाखवल्या. ते सगळ्यांवर नाराज होते.

"हजार लोकायनं चार चांदण्या देल्या म्हणते. कोण आहे हे हजार लोक? यायच्या घरी रेकॉर्डी आहेत?"

मशीन कशी निवडावी याची माहिती मी वाचून दाखवली. दोन ठिकाणची वाचली. दोन्हीकडे सारखंच लिहिलं होतं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

"दोघायची एखादी चूक सारखी आहे का पाहा," ते म्हणाले. "चूक सारखी असली तं नक्कल."

चूक सारखी होती. दोन्हीकडे एकच शब्द अर्धा तुटला होता.

शेवटी एक मशीन मागवली. अटॅचीसारखी, लाल रंगाची, उघडली की आत तबकडी. काकूंना फार आवडली. जानरावांनी कपाटातून पेटी काढली. सोनाराचा लहान काटा टेबलावर ठेवला. एका पारड्यात मशिनीच्या दांडीची सुई टेकवली, दुसऱ्यात चिमट्याने वजनं टाकत गेले. काटा सरळ झाला.

"सहा ग्रॅम," ते म्हणाले. "तुमच्या त्या माहितीत किती होतं?"

"दोनच्या आसपास."

"ही सुई नाही. नांगर आहे. मायं एकच वावर आहे मॅडम. हा एका तासात उलटून टाकीन."

मशीन परत गेली. न्यायला आलेल्या माणसाने कारण विचारलं. जानरावांनी त्याला काटा दाखवला. त्याने "आवडलं नाही" असं लिहून घेतलं.

फेब्रुवारीत आम्ही इतवारा बाजाराच्या मागच्या गल्लीत खुशालरावांच्या दुकानात गेलो. खुशालराव पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्त करतात. जुन्या रेकॉर्डच्या मशिनीही ठेवतात. त्यांच्यासमोर एक मशीन उघडी पडलेली होती. जानराव तिच्यासमोर थांबले.

"अशीच होती आमच्या मंडळाची," ते म्हणाले. "ही देता का?"

"देईन, पण आजच नाही. पाहा काय करून ठेवलं," खुशालराव म्हणाले. त्यांनी ब्लेडच्या टोकाने मोटारीचा बारीक दांडा दाखवला. त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. "या दांड्यावर रबराचं चाक फिरते. चाक तबकडी फिरवते. रबर गुळगुळीत झालं का घसरते. मंग गावचे हुशार लोक दांड्याले पट्टी गुंडाळत. घसरणं बंद."

"मंग चांगलंच झालं."

"काय चांगलं झालं? दांडा जाड झाला ना भाऊ. जाड दांडा तबकडी जोरानं फिरवते. दोन वेढे देले तरी पेटीवर काळी एकचं गाणं काळी दोनच्या वर जाते. मोठा माणूस गायला तं पोरगं वाटते."

जानरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"सगळ्यायचाच आवाज तसा होते का? का एखाद्याचाच?"

"सगळ्यायचाच. पण कर्ण्यावर गडीमाणसाचा आवाज तसाही फाटतेच. लोकायले समजत नाही. बाईचा मात्र पारच बदलते."

जानराव बराच वेळ त्या दांड्याकडे पाहत होते. मला वाटलं, त्यांना खुशालरावांचा संशय आला. मग त्यांनी मागच्या फळीवरची दुसरी मशीन मागितली. जड तबकडीची, पट्ट्यावर फिरणारी, वेग कमीजास्त करायला लहानसं बटण असलेली. तिच्याबद्दल एकच प्रश्न विचारला, "याच्या दांड्यावर काही गुंडाळलं तं नाही?" खुशालरावांनी तबकडी उचलून दाखवली. दांडा स्वच्छ होता. सोबत एक जुना अँप्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर घेतले. घासाघीस झाली नाही.  मी घाबरले.

मशीन बसवायला तीन दिवस लागले. पहिला दिवस टेबलात गेला. खात्याचा नियम होता, आधी ओटा समतल, मग काटा. गवंड्याकडून पाणसळ आणली. पाणसळच बरोबर आहे कशावरून, म्हणून ती उलटसुलट फिरवून दोनदा बुडबुडा पाहिला. टेबलाच्या एका पायाखाली एसटीच्या तिकिटाची घडी गेली. मग टेबलावर पाण्याची वाटी ठेवली आणि काकूंना खोलीतून चालायला सांगितलं. पाणी हललं.

"ललिता, गाणं चालू असलं का तू चालजो नोको."

"पंचेचाळीस वर्ष झाले लग्नाले, मायं वजन नाही तपासलं," काकू म्हणाल्या. "आता तपासून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सुईची दांडी. मागचं गोल वजन पुढेमागे करून ती आधी हवेत आडवी तरंगेल अशी केली. मग काट्यावर सुई टेकवून दोन ग्रॅम लावले. बरोबर दोन. एक फुंकर बसली तर पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी वेग. खुशालरावांनी पुठ्ठ्याची एक चकती दिली होती, तिच्यावर काळ्या रेषा. ती फिरत्या तबकडीवर ठेवायची आणि ट्यूबलाइटच्या उजेडात पाहायची. वेग बरोबर असेल तर रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. खालच्या खोलीतल्या नव्या दिव्यात त्या दिसल्याच नाहीत. माझ्या खोलीतली जुनी चोकवाली ट्यूब काढून खाली लावली. जानरावांनी बटण केसभर फिरवलं. रेषा सरकत सरकत थांबल्या. तबकडी फिरत होती आणि रेषा उभ्या होत्या. मी पाहतच राहिले.

"हे विजेच्या भरवशावर झालं," जानराव म्हणाले. "वीज बरोबर आहे कशावरून?"

त्यांनी तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवला. हातात घड्याळ घेतलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. एकमेकांशी बोलायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. दहा मिनिटं फेरे मोजायचे, मग आपापला आकडा कागदावर लिहायचा. दोघांचेही चारशे पन्नास आले, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस, या रेकॉर्डचा बरोबर तोच वेग. त्यांनी माझा कागद उलटा करून पाहिला.

मग त्यांनी रेकॉर्ड लावली.

खरखर झाली. पेटी, ढोलकी. नत्थुजींचा आवाज भरदार होता. काकू हातातलं भांडं धरून उभ्या होत्या, चालायची बंदी होती म्हणून. पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं. बाईचा आवाज होता. रुंद, थोडा खालचा, मोकळा. एका ओळीच्या मध्ये, शब्द अर्धा असताना, तिने श्वास घेतला. तो स्पष्ट ऐकू आला.

जानरावांनी सुई उचलली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावताना त्यांनी वेगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तोच श्वास, तीच ओळ, पण आता दहा वर्षांची चिरकी पोरगी गात होती.

"हाच," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी हाच व्हता."

जानरावांनी बटण मागे आणलं. पोरगी मोठी झाली.

"पोहरा अर्ध्यात आला का दोरावरचा हात बदला लागते," ते म्हणाले. "तवा ते दम घे. शब्दाच्या मधात. बाप रागवे तिले, शब्द तोडू नोको म्हणून. अख्ख्या गावात तशी एकच होती."

त्यांनी सुई उचलली. मग ते म्हणाले, "मंडळाची मशीन घसरत होती. जयंतीच्या दोन दिवस आधी तिच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळली. मीच."

काकू खाली बसल्या.

"काटा दुरुस्त करणारा अन् शिक्का मारणारा कधी एक नसते. खात्याचा पहिला नियम आहे. मी लोकायचे परवाने रद्द केले याच्यावरून. अन् गावात मीच दुरुस्त केली, मीच शिक्का मारला. मशीन तपासली नाही. बहीण तपासली."

"मग आता फोन करा ना काका."

"फोनवर आवाज बरोबर येते कशावरून?"

मार्चमध्ये आम्ही अकोल्याला निघालो. मशीन वाकळीत गुंडाळली. तबकडी वेगळी काढली, दांडी दोऱ्याने बांधली. अँप्लिफायर आणि एक स्पीकर माझ्याकडे. रेकॉर्ड त्यांच्या सदऱ्याच्या आत. एसटीत वाहकाने गाठोड्याला बोट लावून विचारलं, "काय आहे बाबा?"

"मशीन."

"कशाची?"

"तुमाले काहून पाह्यजे?" मग थोड्या वेळाने ते स्वतःहून म्हणाले, "बहिणीची."

शकुनबाई घरी एकट्याच होत्या. अंगणात मुगवड्या वाळत होत्या. त्यांनी दार उघडून आधी भावाकडे पाहिलं, मग वाकळीकडे, मग माझ्याकडे.

"हे कोण? वकीलबाई?"

"भाडेकरू आहे. मास्तरीन."

"हक्कसोडाचा कागद आणला असंन तं सरळ सांग दादा. वावरातलं मायं नाव काढाचं असंन तं काढ. पण सोबत मास्तरीन काहून आणली? सही करता येते मले."

"कागद नाही आणला."

"रिकाम्या हातानं येता तवा तुमी भाऊ लोक चांगले असता. काही घेऊन आले का भेव वाटते."

जानराव कामाला लागले. टेबल. पाणसळ. तिकिटाची घडी. काटा. दोन ग्रॅम. दीड तास गेला. शकुनबाई वड्या उलट्या करायच्या, दारात येऊन पाहायच्या, पुन्हा जायच्या. रेकॉर्ड सदऱ्यातून बाहेर आली तेव्हा त्या दारातच थांबल्या. त्यांनी ती ओळखली. चेहरा घट्ट झाला.

"पुन्हा तपासाले आला का?"

"नाही. हे घड्याळ घे."

"काहून?"

"हा कागदाचा तुकडा तुयासमोरून मिनिटात किती डाव जाते ते मोज. मशीन म्या लावली आहे. मले मोजता येत नाही. दुसऱ्यानंच मोजा लागते."

"मास्तरीन आहे ना."

"तूच मोज."

त्यांनी घड्याळ घेतलं. भावावरची नजर काढायला त्यांना वेळ लागला. मग मोजलं, ओठांतल्या ओठांत.

"पंचेचाळीस."

"पक्कं?"

"मले मोजता येते दादा."

"तेवढेच पाह्यजे." त्यांनी सुई ठेवली.

शकुनबाई उभ्याच होत्या. दुसरं कडवं आलं, तो श्वास आला, कडवं संपलं. जानरावांनी सुई उचलली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"कोण आहे हे?" शकुनबाईंनी विचारलं.

"तू."

"कशावरून?"

मी जानरावांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांचा होता. आयुष्यभर त्यांनीच विचारलेला. त्यांनी पोहऱ्याचं सांगितलं, अर्ध्या दोराचं, हात बदलायचं. शकुनबाईंनी दोन्ही हात पुढे केले, हवेतल्या हवेत एक दोर ओढला, मध्येच हात बदलला आणि श्वास घेतला. त्या तशाच थांबल्या.

"मले वाटे, त्याहीनं त्या बंबईच्या बाईचंच ठेवलं," त्या म्हणाल्या. "मायं फेकून देलं. पयल्या दिवशी नाही वाटलं. तू म्हणला, मंग वाटलं. आपला आवाज आपल्याले कुठी माहीत असते? तुले माहीत होता."

"मशीन चुकली होती. जोरानं फिरे. तिले पट्टी मीच गुंडाळली होती."

"अन् मी?"

"तू बरोबर होती."

शकुनबाई खुर्चीवर बसल्या. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. घड्याळ त्यांच्या हातातच होतं, त्या त्याच्याकडे पाहत होत्या.

"त्या दिवशी कुठी म्हणला होता तू?"

"विहारासमोर."

"कर्ण्यावर?"

"कर्णा चालू होता."

"मंग इथी काहून सांगून राह्यला? इथी कोण आहे? मी अन् मास्तरीन."

जानरावांनी रेकॉर्ड सदऱ्यात घातली. त्यांनी तबकडी काढून वाकळीत ठेवली, दांडी दोऱ्याने बांधली. निघताना उंबऱ्यात थांबून विचारलं, "चौदा एप्रिलले येशीन?"

"पाहू," शकुनबाई म्हणाल्या. "आधी तू येते का पाहू."

चौदा एप्रिलला सकाळी वंदना झाल्यावर, मिरवणुकीच्या आधी, विहारासमोर टेबल मांडलं. मंडळाची पोरं तरुण होती. मोठे डीजे स्पीकर लावून बसली होती. या म्हाताऱ्याचं काय काम आहे ते त्यांना कळेना. सूत्रसंचालक म्हणाला, "इंगळे साहेब, पाच मिनिटं." जानरावांनी पाणसळ ठेवली. पाच मिनिटं तिच्यातच गेली. कुणीतरी शिटी वाजवली.

शकुनबाई बायकांत पुढे बसल्या होत्या, निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात. त्या उठल्या, टेबलाशी आल्या, भावाच्या हातातलं घड्याळ घेतलं. तबकडी फिरू लागली. त्यांनी मोजलं. मिनिट झाल्यावर एकदाच मान हलवली आणि जागेवर जाऊन बसल्या.

रेकॉर्ड वाजली. नत्थुजींच्या आवाजाला काही म्हातारी माणसं सावरून बसली. दुसरं कडवं झालं तेव्हा बायकांतून माणिकबाई नावाच्या एका आजीने शेजारणीचा हात धरला. त्या शकुनबाईंबरोबर विहिरीवर जायच्या, असं मला नंतर कळलं.

जानरावांनी सुई उचलली आणि माइक घेतला. माइक तपासला नाही.

"एक्क्याऐंशी साली याच जागेवर मी म्हणलो होतो, हा आवाज आमच्या शकुनचा नाही. मशीन चुकीची होती, अन् ते चुकीची मीच केली होती. आवाज शकुनचाच आहे."

त्यांनी माइक खाली ठेवला. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्यातल्या कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मागून एकाने विचारलं, "कोण शकुन?"

शकुनबाई उठून उभ्या राहिल्या, लोकांकडे तोंड करून.

"मी," त्या म्हणाल्या.